प्रज्वलन दोषनिदान
प्रज्वलन दोषनिदान : (जुन्या मोटारगाड्यांतील). पेट्रोलवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडरात ठिणगी पडत नसल्यास तिच्या अभावाचे कारण ज्या क्रमबद्ध परीक्षेने शोधून काढतात, तिला प्रज्वलन दोषनिदान असे म्हणतात. आरंभक चलित्र एंजिनाला नेहमीच्या वेगाने फिरविते, टाकीत पेट्रोल असते, तरीही एंजिन सुरू होत नाही, अशा वेळी हे निदान करावे लागते. येथे घटमाला, प्रज्वलन वेटोळे व यांत्रिक संपर्क खंडक यांवर आधारलेल्या पद्धतीचा मुख्यत्वे विचार केला आहे. भारतात ही पद्धती फियाट ११००, तिचेच पुढील रूप असलेली प्रीमिअर पद्मिनी, जुनी पेट्रोल अँबॅसॅडर व जीप या गाड्यांत दीर्घकाळ प्रचारात होती. मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेली पद्मिनी टॅक्सी म्हणून शहराच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती. अशा अनेक गाड्या आजही खाजगी मालकांनी जतन केलेल्या आहेत.

या पद्धतीतील घटक थोडे असून त्यांपैकी बहुतेक स्वस्त आहेत. त्यामुळे ठिणगी नाहीशी होताच एकामागून एक भाग बदलून पाहण्याचा मोह होतो. तथापि सुटलेली तार किंवा तेलकट झालेला संपर्क असल्यास नवे वेटोळे बसवूनही गाडी सुरू होत नाही. उलट चुकीच्या जोडणीने मूळ दोषात दुसऱ्या दोषाची भर पडते. म्हणून प्रत्येक चाचणीने संशयाचे क्षेत्र निम्म्यावर आणीत जाणे आणि चाचणीने बोट दाखविल्याशिवाय कोणताही भाग न बदलणे, हे या निदानाचे मुख्य तत्त्व होय.

इतिहास : मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. या तत्त्वावरील प्रवर्तन वेटोळ्याची ठिणगी एत्येन लन्वार यांनी १८६० मध्ये आपल्या वायू एंजिनात वापरली. १९०२ मध्ये बॉश कंपनीतील गोट्लोप होनोल्ट यांनी उच्च दाबाचे मॅग्नेटो तयार केले. चार्ल्स फ्रँक्लिन केटरिंग (१८७६–१९५८) या अमेरिकन अभियंत्यांनी विकसित केलेली घटमाला व वेटोळे यांची पद्धती १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीत प्रथम आली. पुढील साठ-सत्तर वर्षे तिच्या मूळ रचनेत फारसा बदल झाला नाही. यामुळेच एका गाडीवर शिकलेली निदानाची रीत दुसऱ्या गाडीस सहज लागू पडते.

रचना व कार्य : या पद्धतीत दोन विद्युत् मंडले असतात. प्राथमिक मंडलात घटमाला, प्रज्वलन स्विच, वेटोळ्यातील जाड तारेची प्राथमिक गुंडाळी, संपर्क खंडक (कारागिरांच्या बोलीत ‘पॉइंट’) व त्याला समांतर जोडलेले धारित्र (‘कंडेन्सर’) हे घटक येतात. द्वितीयक मंडलात वेटोळ्यातील बारीक तारेची, हजारो वेढ्यांची द्वितीयक गुंडाळी, मध्यवर्ती जाड तार, वितरकाचे टोपण, त्याखाली फिरणारा घूर्णक (‘रोटर’), प्रत्येक सिलिंडराकडे जाणाऱ्या तारा व ठिणगी गुडद्या (‘प्लग’) यांचा समावेश होतो. दोन्ही मंडले एंजिन व गाडीचा धातूचा सांगाडा यांतून पूर्ण होतात; या परतीच्या मार्गास व्यवहारात ‘अर्थ’ म्हणतात.

संपर्क मिटलेले असताना १२ व्होल्टच्या घटमालेतून प्राथमिक गुंडाळीत ३ ते ४ अँपिअर प्रवाह वाहतो व वेटोळ्याच्या लोखंडी गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. वितरकाच्या दंडावरील कॅम संपर्क उघडतो तेव्हा हा प्रवाह एकाएकी थांबतो व क्षेत्र कोसळते. त्यामुळे प्राथमिक गुंडाळीत २०० ते ३०० व्होल्ट आणि द्वितीयक गुंडाळीत १५,००० ते २०,००० व्होल्ट इतका दाब प्रवर्तित होतो व गुडदीच्या फटीत ठिणगी पडते. चार सिलिंडरांच्या, चार धावांच्या एंजिनात दर फेऱ्यास दोन ठिणग्या लागतात. म्हणजे मिनिटास ३,००० फेरे या वेगाला संपर्क सेकंदाला १०० वेळा मिटतो व उघडतो.

ठिणगी संपर्क मिटताना पडत नसून तो उघडताना पडते, ही गोष्ट निदानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. संपर्क नीट मिटला नाही, तर क्षेत्र तयारच होत नाही. नीट उघडला नाही, तर ते कोसळत नाही. दोन्ही दोषांचा परिणाम एकच, म्हणजे ठिणगीचा अभाव, हा असतो. मात्र त्यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. धारित्राचे कार्यही यावरून स्पष्ट होते. उघडत्या संपर्कांत प्राथमिक दाबामुळे ठिणगी उडू लागते व प्रवाह रेंगाळतो. हा प्रवाह काही क्षण स्वतःत सामावून घेऊन धारित्र तो झटक्यात तोडण्यास मदत करते. त्याची धारकता सामान्यतः ०·२ ते ०·२५ मायक्रोफॅराड असते.

पूर्वतयारी व सुरक्षितता : गिअर निष्प्रभ स्थितीत ठेवून हातब्रेक लावतात. द्वितीयक मंडलाचा धक्का निरोगी माणसास सहसा प्राणघातक नसला, तरी त्याने हात झटक्याने मागे जाऊन पंख्यात सापडण्याची भीती असते. हृदयात स्पंदक यंत्र बसविलेल्या व्यक्तीने ही चाचणी करू नये. पेट्रोल सांडले असल्यास किंवा कार्ब्युरेटर भरून वाहत असल्यास, ते पुसून बाफ निघून जाईपर्यंत ठिणगी पाडण्याची चाचणी करीत नाहीत. चाचणीची ठिणगी कार्ब्युरेटरापासून व गुडदी काढलेल्या सिलिंडराच्या भोकापासून दूर पाडतात. काम थांबविताना प्रज्वलन किल्ली बंद ठेवणे आवश्यक असते. कारण एंजिन स्थिर व संपर्क मिटलेला असताना वेटोळ्यातून सतत प्रवाह वाहून ते तापते व त्याचे निरोधन जळू शकते.

साधने मोजकीच लागतात : दोन तारा जोडलेला १२ व्होल्टचा लहान दिवा, निरोधित मुठीची पक्कड, पेचकस, फट मोजण्याची पाती (‘फिलर गेज’), बारीक कानस व कोरडे फडके. रोधमापक असल्यास काम अधिक सोपे होते.

प्रथम घटमाला तपासतात. पूर्ण भारित घटमालेचा स्थिर दाब सु. १२·६ व्होल्ट असतो. आरंभक चलित्र फिरत असताना तो ९·५ व्होल्टच्या बराच खाली उतरत असल्यास, चलित्र एंजिन कसेबसे फिरविते, परंतु वेटोळ्यास पुरेसा दाब उरत नाही. अशा वेळी दोष प्रज्वलनात नसून घटमालेत किंवा तिच्या गंजलेल्या अग्रांत असतो. इंधनाचा प्रश्न वेगळा काढण्यासाठी एक गुडदी काढून पाहतात : ती पेट्रोलने ओली असल्यास इंधन सिलिंडरात पोहोचत आहे असे समजतात.

पहिली विभागणी : वितरकाच्या टोपणातून मध्यवर्ती तार काढून तिचे टोक निरोधित पकडीने एंजिनाच्या स्वच्छ धातूपासून सु. ६ मिमी. अंतरावर धरतात व सहकाऱ्याकडून एंजिन फिरवून घेतात. निळसर, कडकडीत आवाजाच्या ठिणग्या नियमितपणे पडल्या, तर घटमालेपासून वेटोळ्यापर्यंतचा सर्व भाग सुस्थितीत असून दोष वितरकाचे टोपण, घूर्णक, तारा किंवा गुडद्या यांत आहे. ठिणगी मुळीच न पडल्यास किंवा पिवळसर व क्षीण पडल्यास, दोष प्राथमिक मंडल, धारित्र किंवा वेटोळे यांत शोधावा लागतो. तारेचे टोक धातूपासून फार दूर ठेवून एंजिन फिरवू नये. ठिणगीस बाहेर मार्ग न मिळाल्यास ती वेटोळ्याच्या आतील निरोधन भेदून जाते.

याच वेळी टोपण उघडून घूर्णक फिरतो की नाही, हे पाहतात. एंजिन फिरत असूनही घूर्णक स्थिर असल्यास वितरकाची चालक दंतचक्रे किंवा कॅम दंडाची साखळी तुटलेली असण्याचा संभव असतो व पुढील विद्युत् चाचण्या व्यर्थ ठरतात.

प्राथमिक मंडलाची परीक्षा : वेटोळ्यावर दोन लहान अग्रे असतात, एक स्विचकडून येणाऱ्या तारेचे व दुसरे संपर्क खंडकाकडे जाणाऱ्या तारेचे. जुन्या काही गाड्यांत घटमालेचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असल्याने केवळ धन-ऋण खुणांवर विसंबून घोटाळा होतो. म्हणून तारा कोठून येतात, हे पाहूनच अग्रे ओळखतात.

किल्ली चालू करून चाचणी दिव्याची एक तार सांगाड्याला व दुसरी स्विचकडील अग्राला लावतात. दिवा न लागल्यास दोष घटमाला ते वेटोळे या टप्प्यात, बहुधा सैल जोडणीत किंवा स्विचच्या झिजलेल्या संपर्कांत असतो. पडताळा म्हणून घटमालेपासून या अग्राला तात्पुरती तार जोडतात. एंजिन सुरू झाले, तर निदान पक्के होते. मात्र अशा जोडणीत किल्लीने एंजिन बंद होत नाही, ती तारच काढावी लागते. काही गाड्यांत वेटोळ्याआधी जादा रोधक असतो व आरंभाच्या वेळी त्याला वगळून प्रवाह दिला जातो. हा रोधक तुटल्यास किल्ली आरंभाच्या स्थितीत असेपर्यंत एंजिन पेटते व किल्ली सोडताच बंद पडते. हे लक्षण इतके विशिष्ट आहे की, त्यावरूनच दोष ओळखता येतो. अशा गाडीत वरील तात्पुरती तार थोडाच वेळ ठेवतात.

स्विचकडील अग्रावर दिवा लागत असल्यास त्याची तार खंडकाकडील अग्राला लावून एंजिन फिरवितात. संपर्क उघडा असताना दिवा लागतो आणि मिटताच प्रवाह संपर्कातून थेट सांगाड्याकडे गेल्याने तो विझतो. म्हणून एंजिन फिरताना दिव्याने लुकलुकणे, हे निर्दोषतेचे चिन्ह होय. याव्यतिरिक्त तीन शक्यता उरतात.

(१) दिवा सतत पेटलेला राहतो. याचा अर्थ संपर्कातून प्रवाह जात नाही. संपर्कांची फट अवाजवी मोठी असणे, त्यांवर तेल किंवा ऑक्साइडाचा थर असणे, अथवा वितरकातील बारीक लवचिक तार तुटणे ही कारणे असू शकतात. नव्या संपर्कांवरही साठवणीसाठी लावलेला तेलकट थर असतो. तो न पुसता बसविल्यास दुरुस्तीनंतरच गाडी बंद पडते. संपर्क बारीक कानशीने साफ करून कोरड्या कापडाने पुसतात. पॉलिश पेपरचे कण धातूत रुतून राहत असल्याने त्याचा वापर टाळणे इष्ट असते.

(२) दिवा मुळीच लागत नाही. प्रथम संपर्कांमध्ये कोरड्या जाड कागदाची पट्टी घालतात. आता दिवा लागल्यास संपर्क उघडतच नाहीत असे ठरते; कॅमवर घासणारी निरोधक टाच झिजल्याने फट नाहीशी होते. फट निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे, सामान्यतः ०·४ ते ०·५ मिमी., ठेवतात व कॅमला किंचित वंगण देतात. कागद घालूनही दिवा न लागल्यास वितरकाकडे जाणारी तार वेटोळ्यावरून सोडवितात. तरीही दिवा न लागणे म्हणजे वेटोळ्याची प्राथमिक गुंडाळी तुटलेली असणे होय. तार सोडविताच दिवा लागल्यास वेटोळ्याची ही गुंडाळी अखंड असून वितरकात प्रवाह मधल्यामध्ये सांगाड्याला मिळत आहे, म्हणजेच ‘शॉर्ट’ आहे. संपर्क बदलताना निरोधक चकत्या उलटसुलट बसणे, हे याचे नेहमीचे कारण आहे. चकत्या ठीक असल्यास तार पुन्हा जोडून धारित्र अलग करतात. त्याने दिवा लागला, तर धारित्र आतून जोडले गेले आहे, असे समजतात.

(३) दिवा लुकलुकतो, पण मध्यवर्ती तारेतून ठिणगी मिळत नाही. येथे धारित्र खंडित असणे, द्वितीयक गुंडाळी निकामी होणे किंवा ती तारच तुटणे, या तीन शक्यता राहतात. संपर्कांवर मोठ्या ठिणग्या उडत असल्यास धारित्राचा संशय बळावतो. चांगले धारित्र बाहेरून तात्पुरते जोडून त्याची खात्री करता येते. नंतर तार व शेवटी वेटोळे बदलून पाहतात. रोधमापकाने पाहता जादा रोधकाविना चालणाऱ्या वेटोळ्याच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध सु. ३ ओहम व द्वितीयक गुंडाळीचा काही हजार ओहम असतो. द्वितीयक रोध अनंत दिसल्यास वेटोळे निश्चित बाद ठरते. मात्र रोध योग्य असूनही उच्च दाबाखाली निरोधन कोसळत असण्याचा संभव राहतो.

द्वितीयक मंडलाची परीक्षा : मध्यवर्ती तारेतून ठिणगी चांगली असल्यास टोपण आतून तपासतात. ओलावा, धूळ किंवा केसासारखी काळी रेघ आढळल्यास विद्युत् प्रवाह त्या मार्गाने निसटत असतो. कार्बनाची ही रेघ पुसून जात नसल्याने टोपण बदलावेच लागते. केवळ ओलावा असल्यास कोरड्या फडक्याने पुसणे पुरते. कोकण व घाटमाथ्याच्या पावसात, पाण्यातून गाडी नेल्यानंतर एंजिन बंद पडण्याचे हे सामान्य कारण आहे. टोपणाच्या मध्यभागी असलेली कार्बनाची काडी झिजली किंवा अडकली नाही ना, हेही पाहतात.

घूर्णकाचा दोष डोळ्यांना सहसा दिसत नाही. त्यासाठी घूर्णक जागेवर ठेवून मध्यवर्ती तारेचे टोक त्याच्या धातूच्या पट्टीपासून काही मिमी. वर धरतात व एंजिन फिरवितात. निर्दोष घूर्णकाकडे जोरदार ठिणगी जात नाही. कारण तेथून पुढे तिला मार्ग नसतो. ठिणगी नियमितपणे जात असल्यास घूर्णकाचे निरोधन भेदले जाऊन दाब वितरकाच्या दंडात उतरत आहे, असे निष्पन्न होते.

शेवटी गुडद्या पाहतात. एकाच वेळी चारही गुडद्या निकामी होणे दुर्मिळ असते; तथापि वारंवार एंजिन फिरविल्याने त्या पेट्रोलने भिजतात व मूळ दोष दूर होऊनही एंजिन पेटत नाही. त्या कोरड्या करून फट, सामान्यतः ०·६ ते ०·७ मिमी., तपासतात. तारा परत लावताना ज्वलनक्रम सांभाळावा लागतो. फियाट ११०० व अँबॅसॅडर या दोहोंत तो १–३–४–२ असा आहे. क्रम चुकल्यास ठिणगी असूनही एंजिन सुरू होत नाही व कार्ब्युरेटरातून भडका उडण्याचा धोका असतो.

अधूनमधून उद्‌भवणारे दोष : तपासणीच्या वेळी ठिणगी असते, पण रस्त्यावर ती नाहीशी होते, असे दोष सर्वांत फसवे असतात. थंड एंजिन सुरू होणे, अर्ध्या तासाच्या धावेनंतर बंद पडणे व निवल्यावर पुन्हा सुरू होणे, हे लक्षण तापल्यावर निकामी होणाऱ्या वेटोळ्याचे किंवा धारित्राचे असते. इंधनाची नळी तापून बाफेने अडल्यासही असेच घडते. म्हणून गाडी बंद पडताच, ती निवण्यापूर्वी, ठिणगीची चाचणी घेणे निर्णायक ठरते. घाटात, विशेषतः रात्री, गाडी अशा तऱ्हेने थांबणे धोक्याचे असल्याने हा दोष ‘आपोआप बरा झाला’ म्हणून सोडून देऊ नये. खडबडीत रस्त्यावर किंवा वेग बदलताना ठिणगी तुटत असल्यास वितरकातील लवचिक तार तपासतात. निर्वात यंत्रणेबरोबर ही तार सतत वाकत असल्याने तिचे धागे आवरणाच्या आत तुटतात, पण वरून ती अखंड दिसते. हलक्या हाताने ओढली असता ती रबरासारखी ताणली जाते.

मॅग्नेटो पद्धती : जुन्या स्कूटरींत व मोपेडींत घटमालेऐवजी प्रचक्रातील चुंबकांमुळे प्राथमिक प्रवाह मिळतो. संपर्क व धारित्र यांचे तत्त्व तेच असते. मात्र एंजिन बंद करण्याचा स्विच प्राथमिक मंडल सांगाड्याला जोडून ठिणगी थांबवितो. म्हणून या स्विचची तार कोठेही घासून उघडी पडल्यास ठिणगी जाते. तार अलग करताच ठिणगी परत आली, तर दोष सापडला असे समजतात. दोन धावांच्या एंजिनात तेलाच्या काजळीचा सूक्ष्म कण गुडदीच्या फटीत अडकून ती बुजणे, हेही नेहमीचे कारण आहे.

मर्यादा : १९७० नंतरच्या दशकात संपर्क खंडकाची जागा प्रथम परदेशी गाड्यांत इलेक्ट्रॉनीय मंडलांनी घेतली. अशा गाड्यांत मध्यवर्ती तार मोकळी धरून ठिणगी पाहिल्यास अर्धसंवाहक घटक नष्ट होऊ शकतात व दाबही पुष्कळ अधिक असतो. म्हणून वरील चाचण्या त्यांना जशाच्या तशा लागू करीत नाहीत. जुन्या गाडीत नंतर इलेक्ट्रॉनीय संच बसविलेला आहे की काय, हे आरंभीच पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते. संगणक-नियंत्रित गाडीत दोषसंकेत वाचून निदान सुरू करता येते. जुनी गाडी असा संकेत देत नाही. तेथे दिव्याचे लागणे व विझणे हाच संकेत असतो. त्याचा अर्थ मंडलाच्या कार्यावरून लावता आला, तर बहुतेक दोष एखादी तार, चकती किंवा संपर्काची फट यांपर्यंत येऊन थांबतात व ते रस्त्याच्या कडेलाच दूर करता येतात.